हातातून काढून घेतलेले पुस्तक : मेरी मॅक्लिओड बेथ्यून

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात मेझव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी त्या गावाजवळ घडलेला हा प्रसंग. एक कृष्णवर्णीय स्त्री धुतलेल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आपल्या पूर्वीच्या गोऱ्या धन्याच्या घरी गेली होती. सोबत तिची लहान मुलगी होती. आई कामाला लागली आणि मुलगी मुलांच्या खेळघराशी रेंगाळली. तेथे धन्याच्या घरच्या मुली खेळत होत्या. जवळच एक पुस्तक पडलेले होते. मुलीने ते कुतूहलाने उचलले. तोच त्या मुलींपैकी एकीने तिला ते खाली ठेवण्यास बजावले. तुला वाचता येत नाही, तू हवी तर चित्रे पाहा, अशा अर्थाचे ती बोलली.

बोलणारीही मूलच होती. पुस्तक कोणी धरावे आणि कोणी धरू नये, हा धडा तिला कोणत्याही शाळेने दिलेला नव्हता. तो तिने घरातल्या हवेतून श्वासाबरोबर घेतला होता. वर्णभेद मनुष्य मोठेपणी शिकतो असे आपण समजतो, परंतु त्याची मुळाक्षरे पाळण्याजवळच गिरवली जातात. त्या दिवशी पुस्तक खाली ठेवणारी ती मुलगी म्हणजे मेरी मॅक्लिओड. पुढे मेरी मॅक्लिओड बेथ्यून या नावाने ती जगाला ठाऊक झाली. आपले घर आणि ते मोठे घर यांत खरा फरक वाचता येण्याचा आहे, असे तिच्या बालमनाने त्या दिवशी घेतले, आणि ही आठवण तिने आयुष्यभर सांगितली.

गुलामांच्या घरातील पंधरावे अपत्य

मेरीचा जन्म १० जुलै १८७५ रोजी झाला. सॅम्युएल व पॅट्सी मॅक्लिओड यांच्या सतरा मुलांपैकी ती पंधरावी. आईवडील दोघेही गुलाम होते. थोरली भावंडेही गुलामगिरीतच जन्मलेली. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि बेड्या तुटल्या. या घटनेचा ध्वनी आपल्या महाराष्ट्रापर्यंतही पोहोचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केलेला आहे. मेरीचा जन्म त्यानंतर दोनच वर्षांचा.

परंतु कायद्याने बेड्या तुटल्या तरी अक्षरांवरची कुलपे तशीच होती. याच राज्यात १८३४ च्या कायद्याने गुलामांना वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. त्यामुळे मुक्त झालेल्या त्या घरात कोणालाही अक्षर ओळखता येत नव्हते. आई जुन्या धन्याकडे राबत राहिली, पैशाला पैसा जोडला आणि थोडी जमीन विकत घेतली. सारी मुले कापूस वेचीत.

मेरी दहा-अकरा वर्षांची असताना प्रेस्बिटेरियन मिशनने मुक्त गुलामांच्या मुलांसाठी मेझव्हिलला शाळा काढली. एमा विल्सन या कृष्णवर्णीय बाई तेथे शिकवीत. एवढ्या भावंडांतून एकीलाच शाळेत पाठविणे घराला परवडणारे होते, आणि तो मान मेरीला मिळाला. रोज पाच मैल जाणे आणि पाच मैल येणे. संध्याकाळी परतल्यावर ती जे शिकली असेल ते भावंडांना शिकवी. अशा रीतीने त्या शाळेची एक शाखाच मॅक्लिओडांच्या झोपडीत सुरू झाली.

याच शाळेत एके दिवशी विल्सनबाईंनी योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन वाचून दाखविले. आपल्याला ते तोंडपाठ असते, आणि तोंडपाठ असल्यामुळेच त्यातील एकेका शब्दाशी आपण थांबत नाही. मेरी मात्र एका शब्दाशी थांबली: 'जो कोणी'. त्यात गोरा आणि काळा, धनी आणि चाकर असा भेद नाही, तेव्हा त्यात कापूस वेचणारी एक काळी मुलगीही आली, हे तिला उमगले. आपण कमी आहोत ही भावना त्या शब्दाने आपल्या मनातून काढून टाकली, असे मेरीबाई पुढे सांगत. प्रस्तुत लेखकाने भाषांतराच्या मेजावर अनेक वर्षे काढली आहेत. मोठमोठ्या ईश्वरविज्ञानविषयक संज्ञांसाठी आम्ही दिवसचे दिवस वाद घालतो. परंतु एखाद्या मुलाचे आयुष्य 'जो कोणी' अशा साध्या सर्वनामावर तोलले जात असेल, हे आमच्या ध्यानात क्वचितच येते.

बंद झालेले एक दार

पुढच्या शिक्षणासाठी पैसा नव्हता. दूर डेन्व्हर शहरातील मेरी क्रिसमन या क्वेकर बाईंनी आपल्या कमाईतून एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च देऊ केला, आणि त्यासाठी मेरीची निवड झाली. १८८८ साली ती उत्तर कॅरोलायनातील स्कोशिया सेमिनरी या मुलींच्या शाळेत दाखल झाली. तेथे गोऱ्या आणि काळ्या शिक्षिका एकत्र शिकवीत. मेरीला हे नवे होते. माणसे वेगळी वागू शकतात, याचा तो पहिला पुरावा.

तेथून ती शिकागोला, सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी स्थापिलेल्या संस्थेत गेली. तिची एकच इच्छा होती: आफ्रिकेत मिशनरी म्हणून जावे. शिक्षण पुरे झाल्यावर तिने आपल्या मंडळीच्या मिशन बोर्डाकडे अर्ज केला. कृष्णवर्णीय मिशनऱ्यांसाठी आफ्रिकेत जागा नाही, असे उत्तर आले. काळ्या खंडात सुवार्ता नेण्यास काळी स्त्री चालत नव्हती! आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी निराशा म्हणून मेरीबाई शेवटपर्यंत या उत्तराचा उल्लेख करीत.

हा प्रसंग झाकून पुढे जाण्याचा मोह ख्रिस्ती लेखकाला होतो. परंतु झाकू नये. त्या मुलीला मिशनच्या शाळेने अक्षर दिले आणि मिशनच्याच बोर्डाने तिचा रंग पाहून दार लावले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मेरीने बोर्डाचा निर्णय आणि देवाचे पाचारण या दोन गोष्टी एक मानल्या नाहीत, यातच तिच्या श्रद्धेची प्रौढता दिसते. जॉर्जियातील ऑगस्टा येथे ल्यूसी लेनी यांच्या शाळेत ती शिकवू लागली. लेनीबाई स्वतः पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या. अगदी लहान मुलांपासून थोर मुलींपर्यंत सर्वांना त्या एकाच कळकळीने शिकवीत. आपली आफ्रिका येथेच, आपल्या दारात आहे, हे मेरीला त्यांच्या सहवासात कळले.

१८९८ साली तिने आल्बर्टस बेथ्यून यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. हा संसार टिकला नाही. काही वर्षांनी पती निघून गेले. याविषयी त्या फारसे बोलत नसत.

दीड डॉलरची शाळा

३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे मेरीबाईंनी कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा उघडली. हाती दीड डॉलर होता. घराचे भाडे महिना अकरा डॉलर. विद्यार्थी सहा: पाच लहान मुली आणि स्वतःचा मुलगा. सामानाची खोकी हीच मेजे, जळक्या लाकडाचे कोळसे ह्याच पेन्सिली, आणि रानफळांचा रस ही शाई. रेल्वेमार्गाच्या कामावरील मजुरांना मेरीबाई व मुली रताळ्याचे गोड पाय भाजून विकीत. पुढे इमारतीसाठी जागा पाहिली ती गावचा कचरा टाकण्याची. लोक तिला नरकाचा खड्डा म्हणत. दोनशे डॉलर किंमत ठरली; पाच डॉलर विसार दिला, तोही पाय विकून जमविलेला. तेथे उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या इमारतीला त्यांनी 'विश्वास' हे नाव दिले.

पैशासाठी त्या श्रीमंतांच्या दारी निःसंकोच जात. साबणाचे कारखानदार जेम्स गॅम्बल शाळा पाहावयास आले तेव्हा दाखविण्यासारखे फारसे काहीच नव्हते. तरी त्यांनी विश्वस्त होण्याचे मान्य केले, कारण बाई त्यांना इमारत दाखवीतच नव्हत्या. त्या पुढे काय होणार ते दाखवीत होत्या.

मुलींना शिवण, स्वयंपाक व शेती शिकविली जाई. हे शिक्षण काळ्यांना चाकरीपुरतेच मर्यादित ठेवील, अशी टीका त्या काळी अशा शाळांवर होत असे, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु मेरीबाई तेथे थांबल्या नाहीत. वर्गापाठोपाठ वर्ग वाढत गेले. १९२३ साली जॅक्सनव्हिलच्या कुकमन संस्थेशी शाळा एक झाली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले. आज ते बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे.

दोन गोष्टी येथे विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली ग्रंथालयाची. दक्षिणेतील सार्वजनिक ग्रंथालयांची दारे त्या काळी कृष्णवर्णीयांना बंद असत. मेरीबाईंनी आपल्या शाळेचे ग्रंथालय गावच्या कृष्णवर्णीय लोकांना खुले केले. लहानपणी ज्या हातातून पुस्तक काढून घेतले गेले, त्याच हाताने शेकडो हातांत पुस्तके ठेवली. दुसरी गोष्ट रविवारच्या सभेची. दर रविवारी दुपारी शाळेत भक्तिगीतांचा व भाषणांचा कार्यक्रम होई आणि गावचे गोरे पाहुणेही येत. फ्लोरिडात सर्वत्र गोऱ्यांच्या व काळ्यांच्या बैठका वेगळ्या ठेवण्याची रीत होती. येथे मात्र जो येईल त्याने रिकामी असेल त्या जागी बसावे, असा नियम होता. मेरीबाईंनी 'जो कोणी' या शब्दाचे भाषांतर बाकांच्या मांडणीत केले होते.

एका विद्यार्थिनीला शस्त्रक्रियेसाठी गावच्या रुग्णालयात नेले असता तिला मागच्या ओसरीवर ठेवण्यात आले. मेरीबाईंनी ते पाहिले आणि १९११ साली कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढले. स्त्रियांना १९२० साली मताधिकार मिळाल्यानंतर त्यांनी लोकांना मतदानासाठी तयार केले, तेव्हा पांढरे झगे घातलेल्या कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी रात्री शाळेवर मोर्चा आणला. मेरीबाई अंगणात उभ्या राहिल्या. मुली भक्तिगीते गाऊ लागल्या. मोर्चा आला तसा निघून गेला. मतदानाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे मतदान झाले.

पुस्तकातले काळे मूल

मुलांना वाचावयास शिकविले म्हणजे काम संपले, असे प्रथम वाटते. परंतु वाचू लागलेल्या मुलीने पुस्तक उघडले तर तिला त्यात काय दिसावे? एकतर तिच्यासारखे कोणी दिसतच नसे, किंवा दिसे ते हसण्यासाठी. गुलामगिरीतले काळे लोक सुखी होते, असे शाळेची पुस्तके सांगत. वाचता येत नव्हते तेव्हा निदान हा अपमान तरी वाचावा लागत नव्हता!

या संदर्भात एका पुस्तकाचा आपल्या देशाशी संबंध आहे. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी भारतात राहत असताना आपल्या मुलींसाठी एका काळ्या मुलाची आणि वाघांची गोष्ट लिहिली. 'लिटल ब्लॅक सॅम्बो' या नावाने ती १८९९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे पती डॉक्टर होते आणि पुढे मुंबईला परळ येथील प्लेग प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. गोष्टीतील वाघ आणि तूप भारतातले. पण अमेरिकेत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतील चित्रांत तो मुलगा जाड ओठांचा, बटबटीत डोळ्यांचा निग्रो झाला. 'सॅम्बो' हे नाव शाळेच्या अंगणात शिवीसारखे वापरले जाऊ लागले. बाईंचा हेतू वाईट नसेल. परंतु मुलाच्या मनावर उमटते ते चित्र, लेखकाचा हेतू नव्हे.

मेरीबाईंच्याच वयाचे एक गृहस्थ याच प्रश्नाने अस्वस्थ होते. कार्टर वुडसन हेही १८७५ साली जन्मलेले, गुलामांचे पुत्र. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबून पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झालेले. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापिली आणि १९२६ पासून फेब्रुवारीत शाळाशाळांतून निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. आफ्रिकेच्या दंतकथा व आफ्रिकेचे वीर यांवर त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली. १९३६ साली मेरीबाई या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि पुढे पंधरा वर्षे त्या त्या पदावर होत्या. विद्वानांचे संशोधन मुलांपर्यंत व त्यांच्या शिक्षकांपर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच १९३७ साली शाळांसाठी 'निग्रो हिस्टरी बुलेटिन' हे सुबोध मासिक निघाले. पूर्वजांच्या पराक्रमाच्या हकिगती, चित्रे आणि वर्गात उपयोगी पडेल असा मजकूर त्यात असे. दक्षिणेतील एखाद्या खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत हे मासिक म्हणजे दुसरा शिक्षकच.

कवी लँग्स्टन ह्यूज १९३१ साली डेटोनाला आले होते. दक्षिणेतील शाळांतून हिंडून आपल्या कविता मुलांना ऐकवाव्यात, असा सल्ला मेरीबाईंनी त्यांना दिला. कारण कवी काळाही असू शकतो, हे मुलांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले पाहिजे होते. ह्यूज यांनी तो सल्ला मानला आणि दौरा केला. १९३२ साली त्यांनी आर्ना बाँटां यांच्यासह हैती बेटातील दोन मुलांच्या जीवनावर बालकथा प्रसिद्ध केली. तिच्यातील काळी मुले हसण्याचा विषय नाहीत. ती पाणी भरतात, खेळतात, कामाला लागतात; जशी मुले असतात तशी आहेत.

बाहुल्यांची साक्ष

१९३५ साली मेरीबाईंनी निग्रो स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापिली. १९३६ पासून १९४३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनात तरुणांच्या साहाय्यासाठी असलेल्या खात्यात कृष्णवर्णीय विभागाचे काम त्यांनी पाहिले. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली तेव्हा त्या तेथे सल्लागार म्हणून उपस्थित होत्या. डेटोनाला त्यांच्या शाळेच्या छायेत वाढलेले हॉवर्ड थर्मन हे उपदेशक १९३६ साली भारतात येऊन बारडोलीस महात्मा गांधींना भेटले होते.

परंतु मेरीबाईंच्या जीवनकार्याची खरी साक्ष दिली ती लहान मुलांनी. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सर्व सारख्या, फक्त काही गोऱ्या व काही सावळ्या. चांगली कोणती, कोणतीशी खेळावेसे वाटते, असे विचारताच बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. वाईट कोणती, तर सावळी. शेवटी, तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. तीन वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकविले? कोणीच नाही, आणि सर्वांनी. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, तेव्हा निकालाच्या टिपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा आधार होता.

त्यानंतर एका वर्षाने व एका दिवसाने, १८ मे १९५५ रोजी, मेरीबाईंनी डेटोनाच्या आपल्या घरी देह ठेवला. आपल्या लोकांसाठी त्यांनी मृत्युपत्र लिहून ठेवले होते. त्यात पैशाचा उल्लेख नाही. प्रेम, आशा, परस्परांवरील विश्वास, ज्ञानाची तहान, श्रद्धा, आपल्या वंशाचा स्वाभिमान हे त्यांनी वारसांना दिले, आणि शेवटी तरुण पिढीविषयीची जबाबदारी.

ती जबाबदारी मोठी होती. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या काळ्या मुलीने, पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, असे विचारले होते. लॅरिकबाईंनी १९६२ ते १९६४ या काळातील ५,२०६ बालपुस्तके तपासली. त्यांपैकी एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके होती ३४९, म्हणजे शंभरांत सातसुद्धा नाहीत. त्यानंतर चित्र हळूहळू पालटू लागले. १९७७ साली एलॉइज ग्रीनफील्ड या कृष्णवर्णीय लेखिकेने मुलांसाठी एक चरित्र लिहिले: मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांचे. ज्या मुलीला पुस्तक हाती धरू दिले नव्हते, ती आता स्वतःच पुस्तकात होती, आणि ते पुस्तक मुलांच्या हातांत होते.

२०२२ साली अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडा राज्यातर्फे मेरीबाईंचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. त्या जागी पूर्वी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. मेरीबाईंच्या हाती काळा गुलाब आहे. १९२७ च्या युरोप प्रवासात, स्वित्झर्लंडमधील एका बागेत नाना रंगांच्या गुलाबांत त्यांनी काळा गुलाब फुललेला पाहिला होता. रंग न लपविता आणि जागा न सोडता सर्वांनी एकत्र फुलावे, ही त्यांची कल्पना त्या फुलात सामावली.

एक 'आणि'

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात वधू आपल्याविषयी दोन शब्द बोलते: एक काळेपणाचा, दुसरा सौंदर्याचा. मूळ इब्रीत त्या दोहोंमध्ये केवळ 'वाव' हे अक्षर आहे. त्याचा अर्थ 'आणि' होतो. संदर्भाने 'परंतु'ही होऊ शकतो. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी 'आणि' घेतले. लॅटिन भाषांतराने 'परंतु' केले, आणि मेरीबाईंच्या पिढीच्या हाती असलेल्या जुन्या इंग्रजी बायबलातही 'परंतु' होते. त्या एका शब्दात सारी बाहुल्यांची कथा आहे. काळी असूनही सुंदर, की काळी आणि सुंदर? व्याकरण दोन्हींना वाट देते. पण कोणती वाट घ्यावी हे भाषांतरकाराचे मन ठरविते, आणि ते मन बालपणीच्या पुस्तकांनी घडविलेले असते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक कृष्णवर्णीय मनुष्य रथात बसून यशया वाचीत आहे. फिलिप्प धावत जवळ जातो. त्याच्या हातातले पुस्तक तो काढून घेत नाही. तो रथात चढतो आणि त्याच्याशेजारी बसतो.

आपल्या रविवारच्या शाळांतून वाटल्या जाणाऱ्या चित्रांकडे वाचकांनी एकवार पाहावे. त्यांत देवदूत कोणत्या रंगाचे आहेत, येशूच्या मांडीवरची मुले कोणाच्या घरची दिसतात, आणि दुष्ट माणसे कोणत्या रंगाने रंगविली आहेत? वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेली आपली सावळी मुलगी ती चित्रे रोज पाहत असते. 'जो कोणी' या शब्दात आपणही आहोत, हे तिला कळविण्याचे काम मेझव्हिलच्या एका शिक्षिकेने एके दिवशी केले होते. तेच काम येत्या रविवारी आपल्याकडे आहे.